सावकाशीची शर्यत : मोटारसायकलस्वार सॅमी मिलर यांची कारकीर्द

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा इतिहासविषयक लेख द्यावा असा आग्रह केला. एखाद्या सरदाराचे, गडाचे अथवा जुन्या देवस्थानाचे वृत्त आम्ही पाठवू, अशी मंडळाची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तथापि त्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी या पानांतून पुष्कळ लिहिले आहे. आम्ही या खेपेस एका स्वाराचे चरित्र निवडले असून त्याचा घोडा पोलादाचा आहे. उत्तर आयर्लंडातील बेलफास्ट येथे जन्मलेले सॅम्युएल हॅमिल्टन मिलर, जगात सॅमी मिलर या नावाने ओळखले गेलेले, हे ते स्वार होत. आपल्या ज्ञातीतील तरुण पिढीला मोटारसायकलीचे वेड फार आहे. वाडीच्या तोंडाशी संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तरी ते कळून येईल. त्या वेडाला थोडा इतिहासाचा आधार मिळावा, एवढाच आमचा हेतू आहे.

मोटारसायकलीची शर्यत म्हटली की वाचकांच्या डोळ्यांसमोर वेग उभा राहतो. मिलर ज्या खेळात अजिंक्य ठरले त्यात वेगाला जवळजवळ स्थान नाही. त्या खेळाला इंग्रजीत ‘ट्रायल’ म्हणतात. आपण त्यास कसोटी म्हणू. शाळेच्या क्रीडामहोत्सवातील सावकाश सायकल चालविण्याची शर्यत ज्यांना आठवते, त्यांना हा खेळ समजावून सांगण्यास वेळ लागणार नाही. त्या शर्यतीत जो सर्वांच्या मागून रेघ ओलांडतो तो पहिला, आणि ज्याचा पाय जमिनीस लागला तो बाद. आमच्या शिक्षकी पेशात आम्ही ही शर्यत अनेक वर्षे घेतली. धावण्यात पहिला येणारा मुलगा तीत बहुधा लवकर बाद होई आणि वर्गात मागच्या बाकावर बसणारा एखादा शांत मुलगा हँडल हलके धरून अखेरपर्यंत टिके, असा आमचा अनुभव आहे. अशी शर्यत सपाट मैदानावर न घेता डोंगरातील ओढ्यात, ओल्या शिळांवर, झाडांच्या मुळांवर आणि गुडघाभर चिखलात घ्यावी, आणि सायकलीऐवजी शंभर किलोंहून जड मोटारसायकल हाती द्यावी, म्हणजे ट्रायल कशास म्हणतात ते कळेल.

या खेळाचे नियम थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व कथा त्यांवर उभी आहे. वाटेत ठिकठिकाणी अवघड जागा आखलेल्या असतात आणि प्रत्येक जागी एक परीक्षक उभा असतो. मिलर यांच्या काळात स्वाराचा पाय एकदा जमिनीस लागला तर 1 गुण, अनेक वेळा लागला तर 3 गुण आणि गाडी थांबली वा स्वार पडला तर 5 गुण त्याच्या नावे मांडले जात. हे गुण दंडाचे होत. ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण तो विजयी. परीक्षेत शून्य मिळविण्यासाठी जिवाचे रान करावे लागते असा हा एकच विषय आमच्या पाहण्यात आहे!

इंग्लंडात हा खेळ मोटारसायकलीच्या बाल्यावस्थेतच जन्मला. त्या काळच्या गाड्यांचा भरवसा नसे. गाडी डोंगर चढेल की नाही हे गिऱ्हाइकास दाखवून देण्यासाठी कारखानदार तिला घाटात नेत, आणि कसोटी हे नाव त्यावरून पडले. स्कॉटलंडमधील सहा दिवसांच्या कसोटीचा इतिहास 1909 पासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा तळ फोर्ट विल्यम या गावी, बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याशी असे. यॉर्कशायरमधील स्कॉट कसोटी 1914 मध्ये सुरू झाली. आल्फ्रेड स्कॉट या कारखानदाराने ती आपल्याच कामगारांसाठी भरविली होती. कारखान्यात गाड्या जोडणारे हातच त्या गाड्या डोंगरावर नेत. बनविणारा आणि चालविणारा यांच्यातील ही जवळीक या खेळाच्या मुळाशी आहे. ती पुढे तुटली तेव्हा काय झाले, हे या लेखाच्या उत्तरार्धात येईल.

हा खेळ आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने बुलेट गाडीची कुळकथा ऐकावी. ‘डुग् डुग्’ असा आवाज करीत कोकणातल्या घाटांतून आणि सातारा-कोल्हापूरच्या गावांतून फिरणारी बुलेट ही कसोट्यांतून तावून सुलाखून निघालेली गाडी आहे. त्या काळी कसोटीच्या गाड्यांना मागच्या चाकाला स्प्रिंग नसे. चाक फ्रेममध्ये घट्ट बसविलेले असे आणि धक्का बसे तो स्वाराच्या कण्याला. स्प्रिंग लावली तर चाकाची जमिनीवरील पकड सुटेल, असे जाणकारांचे ठाम मत होते. रॉयल एनफील्ड कंपनीने 1948 मध्ये मागे झुलता दांडा आणि स्प्रिंग लावलेली नवी बुलेट कसोटीत उतरवली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन यांनी या गाड्यांवर सुवर्णपदके मिळविली. व्हिक यांचे चिरंजीव जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवरूनच 1952 आणि 1957 साली स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी जिंकली. चाकाची पकड स्प्रिंगमुळे सुटत नाही, उलट खडकाळ जमिनीवर वाढते, हे सिद्ध झाले आणि टीकाकार निमूट झाले. 1950 च्या दशकाच्या आरंभी भारतीय सेनेने सरहद्दीवरील गस्तीसाठी 800 बुलेट मागविल्या आणि 1955 पासून मद्रासला त्यांची जोडणी सुरू झाली. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवर धावणारी गाडी स्कॉटलंडच्या ओढ्यांत परीक्षा देऊन इकडे आली.

आता मूळ कथेकडे वळू. मिलर यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1933 चा. बेलफास्ट हे जहाजबांधणीचे आणि लिनन कापडाच्या गिरण्यांचे शहर. ‘टायटॅनिक’ तेथेच बांधली गेली. लोखंडाशी झटापट करणाऱ्या अशा गावात वाढलेल्या मुलाने हातात पाना घ्यावा यात नवल नाही. तरुणपणी ते कसोट्यांबरोबर वेगाच्या शर्यतींतही उतरत. दोन्ही विद्या एका हाती असणे तेव्हाही विरळा होते. ख्यालिया आणि लावणीगायक एकाच गळ्यात नांदावेत तसा हा प्रकार!

1957 साली इटलीच्या मोंदियाल कंपनीने त्यांना 250 सीसीच्या वर्गात आपली गाडी दिली. त्या वर्षीच्या आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत घडलेला प्रसंग मोटारसायकलीच्या इतिहासात अनेकदा सांगितला जातो. मिलर अखेरच्या फेरीत आघाडीवर होते. शेवटचे वळण ‘गव्हर्नर्स ब्रिज’ या नावाचे, अगदी आखूड आणि सावकाश घ्यावयाचे. तेथे त्यांची गाडी घसरली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. उठून त्यांनी गाडी ढकलत रेघेपर्यंत नेली, ती पाचव्या क्रमांकाने. विजय त्यांचे मोंदियालवरील सहकारी सेसिल सँडफर्ड यांना मिळाला. सावकाश चालविण्यात पुढे ज्यांचा हात कोणी धरू शकले नाही, त्यांना वेगाच्या शर्यतीत दगा दिला तो सावकाश वळणानेच. जागतिक अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात त्या वर्षी मिलर तिसरे आले. त्यांचे वय तेव्हा 23 वर्षांचे होते.

त्याच वर्षाअखेर मोंदियालसह इटलीतील बड्या कारखान्यांनी खर्च झेपत नाही म्हणून जागतिक शर्यतींतून अंग काढून घेतले. मिलर यांनी 1958 मध्ये दुकाती आणि सीझेड या गाड्यांवर शर्यती केल्या, पण त्यांचे मन कसोटीकडे ओढ घेत होते. बर्मिंगहॅमजवळच्या सेली ओक येथील एरियल कंपनीच्या स्पर्धा-विभागात ते काम करीत. वेगाच्या शर्यती सोडून केवळ कसोटीला वाहून घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. पैसा आणि कीर्ती शर्यतींत अधिक होती हे ध्यानी घेता हा निर्णय धाडसाचा होता असे आम्हांस वाटते. शिवाय त्यांनी निवडलेली एरियल ही 500 सीसीची, उंच आणि जड गाडी. नदीच्या गोट्यांवरून म्हैस हाकावी तशी ती हाकावी लागे.

या गाडीचा नोंदणी क्रमांक ‘जीओव्ही 132’ हा होता. एखाद्या पैलवानाच्या नावाप्रमाणे तो क्रमांक खेड्यापाड्यांतील पोरांना तोंडपाठ झाला. मिलर यांनी या गाडीवर जे संस्कार केले, त्यांतच त्यांच्या थोरवीचे रहस्य आहे असे आमचे मत आहे. इतर स्वार रविवारी स्पर्धा करीत आणि सोमवारी गाडी कारखान्याच्या हवाली करीत. मिलर यांची खरी स्पर्धा सोमवारी सुरू होई. कोणत्या शिळेवर पुढचे चाक भरकटले, कोणत्या चढावर इंजिन गुदमरले, हे मनात टिपून ठेवावयाचे आणि त्याचे कारण लोखंडात शोधावयाचे, असा त्यांचा क्रम होता. जड फ्रेमच्या जागी त्यांनी बारीक पण चिवट पोलादी नळ्यांची फ्रेम घेतली. पेट्रोलची टाकी पत्र्याऐवजी काचतंतूची केली. पुढच्या दांड्यांचा कोन बदलला, म्हणजे गाडी आखूड जागेत वळेल. जेथे पोलादाचे काम अॅल्युमिनियमने भागेल तेथे ते वापरले. नट-बोल्टसुद्धा तपासून घेतले. असे करीत करीत गाडीचे वजन सुमारे 110 किलोंवर आणले. एवढ्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचे हे वजन त्या काळी अविश्वसनीय होते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सोनारकाम अथवा सुतारकाम जवळून पाहिले असेल त्यांना यातील मर्म कळेल. हत्यार आपल्या हाताच्या मापाचे करून घेतल्यावाचून कसबी कारागीर कामास बसत नाही.

वजन हा एक भाग झाला; इंजिनाची ओढ हा दुसरा. कसोटीत स्वाराला ताशी दोन-चार मैलांच्या गतीने चढावे लागते. त्या वेळी इंजिन जवळजवळ बंद पडण्याच्या बेतात असते, तरी त्याने चाकाला सारखी, न झटकणारी ओढ दिली पाहिजे. जोर एकदम आला तर चाक ओल्या दगडावर गरगर फिरते आणि गाडी जागच्या जागी राहते. मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात चाक दगडाला पुन्हा धरते, असे जुने स्वार मानीत. क्लचवर दोन बोटे, फूटरेस्टवर उभे शरीर, गुडघे सैल, नजर पुढच्या शिळेवर. पाय मात्र टेकावयाचा नाही! मल्लखांब पाहिलेल्यांना या तोलाची कल्पना सहज येईल. शरीराचा भार किंचित मागे सरकवला की मागचे चाक जमिनीत रुतते, पुढे घेतला की पुढचे चाक वाट धरते, आणि हे सर्व क्षणाक्षणाला बदलते.

या साधनेचे फळ असे की 1959 पासून 1969 पर्यंत मिलर यांनी ब्रिटनचे अजिंक्यपद ओळीने 11 वर्षे राखले. मोठ्या आणि लहान मिळून त्यांनी तेराशेहून अधिक स्पर्धा जिंकल्या. स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी त्यांनी 1962, 1964, 1965, 1967 आणि 1968 अशी पाच वेळा जिंकली. त्या कसोटीची काठिण्यपातळी कळावी म्हणून एक गोष्ट सांगतो. 1961 साली गॉर्डन जॅक्सन यांनी सहा दिवसांत अवघा 1 गुण गमावून ती जिंकली. त्यांचा पाय जमिनीस लागल्याचा तो एक क्षण छायाचित्रकाराने टिपला आणि ते छायाचित्र आजही छापले जाते. ज्या मैदानात असे प्रतिस्पर्धी होते, तेथे 11 वर्षांचे सातत्य काय मोलाचे आहे हे सांगावयास नको.

येथवरची कथा एका गुणी माणसाच्या उत्कर्षाची आहे, आणि अशा कथा पुष्कळ असतात. पण आम्ही हा विषय घेतला तो पुढील भागासाठी.

एरियल कंपनी 1940 च्या दशकातच बीएसए या बलाढ्य संस्थेच्या मालकीची झाली होती. मालकांनी असे ठरविले की यापुढचा काळ स्वस्त, सुबक, घरगुती गाड्यांचा आहे. 1959 च्या सुमारास एरियलच्या फोर-स्ट्रोक गाड्या बनणे थांबले. म्हणजे मिलर ज्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय विजेते झाले, त्याच सुमारास त्यांच्या गाडीची जात कारखान्यातून नाहीशी झाली. पुढे सेली ओकचा कारखानाही बंद होऊन त्याचे काम बीएसएच्या मुख्य कारखान्यात गेले. मिलर मात्र तीच जुनी गाडी सुधारीत पुढची पाच वर्षे जिंकत राहिले. ज्या वस्तूची विक्रीच बंद झाली तिची जाहिरात ते दर रविवारी करीत होते, असे म्हटले तरी चालेल. त्या एका गाडीत शेकडो रविवारांचे ज्ञान साठले होते. ते उचलून नवी कसोटीची गाडी बनवावी, असे त्या बलाढ्य संस्थेतील कोणाच्या मनात आले नाही.

ते आले स्पेनमधील एका गृहस्थाच्या मनात. फ्रान्सिस्को बुल्तो हे बार्सिलोनाचे कारखानदार. ते पूर्वी मोंतेसा या कंपनीत भागीदार होते. 1958 मध्ये तेथील भागीदारांनी शर्यतींचा खर्च बंद करावयाचे ठरविले तेव्हा बुल्तो बाहेर पडले. शर्यत-विभागातील कसबी कामगारही त्यांच्यामागे आले आणि त्यांच्या आग्रहावरून बुल्तो यांनी नवी कंपनी काढली. तिचे नाव बुल्ताको. बुल्तो या आडनावाची पहिली अक्षरे आणि ‘पाको’ हे त्यांचे लाडके नाव यांच्या जोडाने झालेले. मालकाने कामगारांना निवडण्याऐवजी कामगारांनी मालकास निवडल्याची उदाहरणे उद्योगाच्या इतिहासात फार नाहीत.

1964 च्या शरद ऋतूत बुल्तो यांनी मिलर यांना बोलावून घेतले. बार्सिलोनाजवळच्या डोंगरात बुल्तो कुटुंबाची सान अंतोनिओ नावाची शेतवाडी होती. तेथे मिलर सकाळी ओढ्यात गाडी घालीत, दुपारी दोष सांगत, आणि कारखान्यातील माणसे तो दोष काढून गाडी पुन्हा हाती देत. मूळची गाडी कसोटीच्या दृष्टीने अगदीच कच्ची होती. तिची फ्रेम, दांड्यांचा कोन, गिअर, इंजिनाची ओढ असे एकेक अंग तपासत बारा दिवसांत नवी गाडी सिद्ध झाली. 244 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि वजन सुमारे 90 किलो. तिचे नाव शेर्पा, आपल्या हिमालयातील वाटाड्यांवरून घेतलेले. तेनसिंगच्या पराक्रमास तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

बारा दिवस हा आकडा ऐकून हे काम सोपे होते असा ग्रह कोणी करून घेऊ नये. त्या बारा दिवसांमागे एरियलवरील सगळी वर्षे उभी होती. बुल्तो यांनी विकत घेतले ते हे ज्ञान. आणि ते ज्यांच्या घरी होते त्यांना त्याची किंमत कळली नव्हती.

1965 मध्ये मिलर यांनी शेर्पा गाडीवर स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी जिंकली. टू-स्ट्रोक गाडीने ती जिंकण्याची ही पहिली वेळ. जडशीळ इंजिनाच्या ठोक्यांवाचून दगडावर पकड मिळत नाही, ही समजूत त्या एका आठवड्यात निकालात निघाली. स्वारांनी जुन्या गाड्या विकल्या आणि शेर्पासाठी रांगा लावल्या. 1966 साली बीएसएवर अॅलन लॅम्पकिन आणि 1969 साली ग्रीव्ह्ज या छोट्या इंग्रज कंपनीच्या गाडीवर बिल विल्किन्सन यांनी स्कॉटलंडात विजय मिळविले खरे. पण ते मावळतीचे किरण होते. 1970 पासून पुढे त्या कसोटीवर स्पेनच्या गाड्यांची छाप पडली.

मिलर यांनी परदेशी गाडी घेतली म्हणून इंग्लंडातील काही मंडळी नाराज झाली. स्वदेशीची भाषा आपल्याला नवी नाही. गिरगावात तर विलायती कापडाच्या होळ्या पेटलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या. म्हणून हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या मातीत माणूस घडला त्या मातीचे काही देणे असते. तरीही सर्व बाजूंनी विचार करता मिलर यांच्याकडे दोष जात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वदेशी ही दोन्ही हातांनी पाळावयाची गोष्ट आहे. कारागिराने देशी कारखान्याशी निष्ठा ठेवावी, आणि कारखान्याने देशी कारागिराच्या कौशल्याची कदर करावी. यांतील दुसरा हात बीएसएच्या मालकांनी आधी सोडला होता.

लालबाग-परळच्या वाचकांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. गिरण्यांत तीस-तीस वर्षे साचा चालविलेल्या माणसांना यंत्राचा कोणता भाग कधी रुसतो हे ठाऊक असे. अनेक गिरण्यांत जुनी यंत्रे झिजेपर्यंत राबविली गेली आणि नफा दुसरीकडे गेला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या संपाच्या राजकारणात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की त्यानंतर ज्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या, तेथील साच्यावरच्या माणसाचे ज्ञान कोणाही बुल्तोने विकत घेतले नाही. ते चाळींच्या खोल्यांतच विरून गेले. बर्मिंगहॅमच्या बाबतीत निदान ते स्पेनला तरी पोहोचले.

बर्मिंगहॅमचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. रॉयल एनफील्डचा रेडिच येथील कारखाना 1967 मध्ये बंद झाला आणि 1970 मध्ये इंग्लंडातून ती कंपनी नाहीशी झाली. बीएसए 1973 साली कर्जात बुडून दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. एके काळी जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल-कारखान्यांत तिची गणना होत असे. जपानच्या स्पर्धेमुळे हे घडले असे सांगण्याची रीत आहे, आणि ते बव्हंशी खरेही आहे. पण ज्या संस्थेला आपल्याच स्पर्धा-विभागातील माणसाचे म्हणणे ऐकू आले नाही, तिला जपानची चाहूल कशी लागावी? त्याच वेळी मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली, आणि 1977 पासून ती येथून इंग्लंडास निर्यात होऊ लागली. ज्या देशाने ती आपल्याला शिकविली त्याला ती आपण परत विकली, हा इतिहासातील गमतीचा उलटा व्यापार होय.

मिलर यांची कारकीर्द 1965 नंतरही बहरत गेली. 1968 आणि 1970 साली ते युरोपचे विजेते झाले. ब्रिटनचे अजिंक्यपद मात्र 1970 मध्ये गॉर्डन फार्ले या तरुण स्वाराने घेतले, तेही मोंतेसा गाडीवर, म्हणजे बुल्तो यांच्या जुन्या कंपनीच्याच गाडीवर. वयाची 36 वर्षे उलटलेल्या मिलर यांनी त्यानंतर हळूहळू मैदान सोडले. पुढे 1970 च्या दशकात होंडा कंपनीने कसोटीची फोर-स्ट्रोक गाडी घडविण्यासाठी त्यांना बोलावले. कारखानदारांना त्यांच्या पायांपेक्षा त्यांच्या हातांची आणि कानांची गरज अधिक होती, असेच यावरून दिसते.

कसोटीचे जागतिक अजिंक्यपद 1975 मध्ये सुरू झाले. मिलर यांचा भर ओसरल्यावर ही स्पर्धा निघाली, म्हणून त्यांच्या नावापुढे जगज्जेता हा शब्द लागत नाही. पदव्यांच्या याद्या चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिला जगज्जेता इंग्लंडचा मार्टिन लॅम्पकिन. नंतर तीन वर्षे फिनलंडचा वेस्टेरिनेन, आणि 1979 मध्ये अमेरिकेचा बर्नी श्रायबर. तीन देशांचे तीन स्वार, पण पाचही वर्षे गाडी एकच : बुल्ताको. सान अंतोनिओच्या शेतवाडीत बारा दिवसांत जे रोप लावले गेले त्याला अशी फळे आली. लॅम्पकिन कुटुंबाचे सांगावयाचे तर त्यात गाण्याच्या घराण्यासारखी परंपरा दिसते. आर्थर, अॅलन आणि मार्टिन हे तिघे भाऊ नामांकित स्वार. आणि मार्टिन यांचे चिरंजीव डगी यांनी 1997 ते 2003 अशी ओळीने सात वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

बुल्ताकोचे दैव मात्र फिरले. स्पेनमध्ये 1975 नंतर राजवट पालटली, आयातीवरील बंधने सैल होत गेली, कारखान्यात संप आणि तंटे वाढले, आणि 1983 पर्यंत ती कंपनीही संपली. कामगारांच्या आग्रहातून निघालेल्या कारखान्याचा शेवट कामगार-मालक बेबनावात व्हावा, याची हळहळ वाटते. मोंतेसा पुढे होंडाच्या छत्राखाली टिकली. 2007 पासून अनेक वर्षे सलग जगज्जेता ठरलेला कातालोनियाचा टोनी बौ तिच्याच गाडीवर खेळला.

मिलर यांनी इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशायरमधील न्यू मिल्टन येथे 1964 मध्ये दुकान काढले होते. जुन्या गाड्या जमवून, त्या मोडक्या असतील तर स्वतः दुरुस्त करून, त्यांनी त्या गावाजवळ मोटारसायकलींचे संग्रहालय उभे केले. तेथे मांडून ठेवलेल्या गाड्या चालू स्थितीत असाव्यात असा त्यांचा कटाक्ष असे. 2009 मध्ये त्यांना एमबीई हा किताब मिळाला. संग्रहालयाच्या दालनात इटलीच्या शर्यतीच्या गाड्या आहेत, इंग्लंडच्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या आहेत, स्पेनच्या आहेत. आणि त्यांच्यात काचतंतूच्या टाकीची, बारीक नळ्यांच्या फ्रेमची ती एरियलही आहे, आपला जुना क्रमांक मिरवीत : जीओव्ही 132.